तसबिरींतला माणूस

कोंकणांतल्या जुन्या घरांत ओटीवरून माजघरांत जातांना दरवाज्याच्या वर एखादी तरी तसबीर टांगलेली दिसते. आमच्या घरीं ती माझ्या आजोबांची आहे. खुर्चीवर ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, डोळे समोर खिळलेले, आणि ओठ असे मिटलेले कीं जणूं वैद्यानें काढ्याचा पेला पुढें केला आहे. पायाशीं फुलांची कुंडी, मागें पडद्यावर रंगविलेला राजवाड्याचा जिना. असला जिना आमच्या गांवांत कोणीं पाहिला नव्हता. आजीला ती तसबीर कधींच मान्य झाली नाहीं. ती तिच्यावरची धूळ रोज पुशी, सणासुदीला हार घाली, आणि तरीहि म्हणे, "हे ते नव्हेत. हे फोटोवाल्याला भ्यालेले आहेत." आजोबा मोठे हंसरे होते असें सारेच सांगत. मीं त्यांस पाहिलें नाहीं. आणि ज्या एका कागदावर त्यांस पाहण्याची सोय होती, त्या कागदावर ते नव्हते.

यंत्राला दोष द्यावा असेंहि नाहीं. आजोबांचें नाक, त्यांच्या मिशा, कोटाचीं बटनें, अंगठीचा खडा, सारें कांहीं त्यानें इमानानें उतरविलें होतें. निसटला होता तो माणूस. माणसाला कॅमेऱ्यासमोर बसविणें आणि त्याचें माणूसपण कागदावर येऊं देणें ह्या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि दुसरी शिकविणारें पुस्तक बाजारांत मिळत नाहीं. ती ज्यांनीं आपली आपण शिकून घेतली, अशा एका मराठी गृहस्थांची हकीकत यंदाच्या अंकांत विद्यार्थ्यांपुढें, व विद्यार्थ्यांहूनहि अधिक त्यांच्या आईवडिलांपुढें, ठेवावी असें माझ्या मनानें घेतलें आहे. त्याचें कारण ओघानें येईलच.

गौतम राजाध्यक्ष हें नांव पालकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हिंदी चित्रपटसृष्टींतील ज्या नटनटींचे चेहरे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकले, त्यांतील बहुतेक सारे केव्हां ना केव्हां ह्या गृहस्थांच्या कॅमेऱ्यासमोर बसले होते. वस्त्रप्रावरणांच्या नवनव्या रीति लोकांपुढें मांडणारें, ज्याला सर्रास फॅशनचें म्हणतात तें छायाचित्रणहि त्यांनीं पुष्कळ केलें. परंतु त्यांचें नांव राहिलें तें चेहऱ्यांसाठीं.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजीं मुंबईस झाला. आडनांव कोंकणपट्टीच्या वाचकास परकें वाटावयाचें नाहीं. महाविद्यालयीन शिक्षण सेंट झेवियर्समध्यें झालें. जेझुइट पाद्र्यांनीं १८६९ सालीं स्थापिलेलें हें महाविद्यालय. तेथेंच पुढें दोन वर्षें ते रसायनशास्त्राचे अध्यापक होते. मी स्वतः हाच विषय शिकवितों, तेव्हां त्या दोन वर्षांविषयीं मला थोडा अभिमान वाटतो हें लपवीत नाहीं. १९७४ सालीं ते लिंटास ह्या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागांत नोकरीस लागले. लिंटास हें नांव चमत्कारिक वाटतें खरें. पण साबणामुळें आपल्या घरोघर पोंचलेल्या लीव्हर कंपनीच्या जाहिरातखात्याचें जें लांबलचक इंग्रजी नांव होतें, त्याचीं तीं आद्याक्षरें आहेत. त्या विभागाचे ते पुढें प्रमुख झाले. १९८० सालीं त्यांनीं शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ ह्यांचीं छायाचित्रें काढलीं, आणि तेथून त्यांच्या ह्या क्षेत्रांतील कारकीर्दीस आरंभ झाला असें मानतात. जॅकी श्रॉफ ह्यांस नायक म्हणून प्रसिद्धि मिळाली ती १९८३ च्या 'हीरो' चित्रपटानें, म्हणजे त्यांचा चेहरा तेव्हां सर्वांस परिचित झालेला नव्हता. पुढें राजाध्यक्षांच्या नात्यांतील भगिनी, ज्या शोभा डे ह्या नांवानें लेखिका म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांनीं आपल्या 'सेलेब्रिटी' मासिकांत त्यांस लिहिण्याची आणि छायाचित्रें काढण्याची अशी दुहेरी संधि दिली. मग इतर मासिकांचीं दारें उघडलीं. लिंटासची नोकरी त्यांनीं सोडली ती १९८७ सालीं.

हे तीन सन, १९७४, १९८० आणि १९८७, विद्यार्थ्यांनीं वहींत एकाखालीं एक लिहावे आणि वजाबाकी करून पाहावी. पहिल्या दोहोंमध्यें सहा वर्षें आहेत, पुढच्या दोहोंमध्यें सात. तेरा वर्षें हा मनुष्य महिन्याच्या पगारावर होता. 'स्वयंशिक्षित' हा शब्द हल्लीं फार सवंग झाला आहे. तो ऐकला कीं मुलांना वाटतें, शाळा सुटली, परीक्षा टळली, एके दिवशीं हातांत कॅमेरा आला आणि दुसऱ्या दिवशीं कीर्ति दाराशीं उभी राहिली; आणि आईबापांना वाटतें, ज्याला कोणीं शिकविलें नाहीं त्याला येणार काय? दोघांच्याहि समजुतीस ही वजाबाकी उत्तर देते. एकलव्याला सुद्धां मातीचा कां होईना, गुरु लागला. राजाध्यक्षांचा मातीचा द्रोणाचार्य म्हणजे तो छायाचित्र विभाग, असें मला वाटतें.

जाहिरातसंस्थेच्या अशा विभागांत काय चालतें हें आपल्या मुलांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. आज साबणाची वडी, उद्यां लुगड्याचें कापड, परवां चहाची पुडी. ज्याचा माल असेल त्याची अपेक्षा समजून घ्यावयाची, चित्र कोणाकडून काढवून घ्यावयाचें तें ठरवावयाचें, आलेल्या पन्नास चित्रांतून एक निवडावयाचें, आणि उरलेलीं एकूणपन्नास कां नकोत हें दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत सांगावयाचें. माझ्या मतें शिक्षण आहे तें ह्या शेवटच्या गोष्टींत. 'हें मला आवडलें नाहीं' एवढें कोणीहि म्हणतो. कपाळावर उजेड जास्त पडला म्हणून डोळे खोल गेले, हनुवटी बोटभर वर उचलली असती तर मान आंखूड दिसली नसती, हें ज्याला नेमकें सांगतां येतें त्याचा डोळा तयार झाला. हात मागाहून तयार होतो.

आपल्या इलाख्यांत छायाचित्रण शिकण्याची सोयच नव्हती, म्हणून त्यांस आपले आपण शिकावें लागलें, असाहि कोणाचा समज होऊं नये. मुंबईंत छायाचित्रकारांची मंडळी १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि त्यानंतर लौकरच एल्फिन्स्टन विद्यालयांत ह्या कलेचा वर्गहि निघाला. प्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनीं त्या वर्गांत शिकून मुंबईंत हा व्यवसाय केला. म्हणजे फ्रान्सांत दागेर ह्यानें १८३९ सालीं आपली युक्ति जगापुढें मांडली, त्यानंतर वीस वर्षांच्या आंत आपलीं माणसें ती शाळेंत बसून शिकत होतीं. वर्गांत शिकणें कमीपणाचें नाहीं, आणि वर्गाबाहेर शिकणें पराक्रमाचें नाहीं. राजाध्यक्ष वर्गाबाहेर शिकले, कारण त्यांचा वर्ग रसायनाचा होता.

तो रसायनाचा वर्ग त्यांच्या कामीं आला असेल का? मला वाटतें, आला असेल. हल्लींच्या मुलांनीं फिल्म पाहिलेली नसते, म्हणून दरवर्षीं मी प्रयोगशाळेंत एक खेळ करून दाखवितों. मिठाच्या पाण्यांत भिजवून वाळविलेला कागद घ्यावा, खोली अंधारी करून त्यावर सिल्व्हर नायट्रेटचें पाणी ब्रशानें फिरवावें. बोटांस लागूं देऊं नये. काळे डाग आठवडाभर जात नाहींत, आणि घरीं आई विचारते. कागद वाळला कीं त्यावर आंब्याचें कोंवळें पान ठेवून वर कांच दाबावी व बाहेर उन्हांत धरावें. कागदावर सिल्व्हर क्लोराइड तयार झालेलें असतें. उन्हानें तें पाहतां पाहतां जांभळट होतें व मग काळपट तपकिरी. पानाखालचा भाग तेवढा पांढरा राहतो. पान उचललें कीं शिरान् शिर उमटलेली दिसते आणि वर्गांत एकच गलका होतो. इंग्लंडांत टॉलबट नांवाचे गृहस्थ १८३० नंतरच्या दशकांत हेंच करीत होते. पण गलका शमेपर्यंत पांढरा भागहि काळा पडूं लागतो, कारण उजेडाला थांब म्हणून सांगणारें कोणी नसतें. तें काम हायपो करतो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट; चांदीचे क्षार त्यांत विरघळतात हें जॉन हर्शेल ह्या शास्त्रज्ञानें १८१९ सालीं पाहिलें होतें, आणि वीस वर्षांनीं तें छायाचित्रणाच्या उपयोगीं पडलें. ज्याचा उपयोग तेव्हां दिसत नव्हता असें एक ज्ञान वीस वर्षें स्वस्थ बसून राहिलें, ही गोष्ट मला त्या पानाच्या चित्राहूनहि सुंदर वाटते. मुलांस मात्र पानच आवडतें.

राजाध्यक्षांनीं आपलें बहुतेक नांव कमावलें तें ह्या फिल्मच्या काळांत. तेव्हां कळ दाबली कीं चित्र लगेच दिसत नसे. धुवून, वाळवून, छापून येईपर्यंत समोरचा माणूस आपल्या घरीं गेलेला असे. म्हणून जें करावयाचें तें तो समोर असतांनाच, आणि अंदाजानें. कोणता अंदाज? उजेडाचा एक, आणि माणसाचा दुसरा.

उजेडाचा अंदाज कोंकणच्या मुलास समजाविणें सोपें आहे. वैशाखांत भरदुपारीं भाट्याच्या पुळणींत कोणाला उभें करून पाहा. डोक्यावर तळपता एकच लहानसा गोळा. त्यामुळें भुंवयांखालीं दोन काळे खड्डे, नाकाखालीं मिशीसारखी सावली, आणि डोळे बारीक झालेले. त्याच जागीं त्याच माणसाला आषाढांत, पाऊस क्षणभर उघडला असतां, उभें करा. सारें आभाळ हाच एक मोठा पांढरा पडदा झालेला असतो. उजेड चोहोंकडून येतो, सावलीची कड विरघळते, आणि म्हातारी माणसें सुद्धां तुकतुकीत दिसतात. प्रकाशाचा उगम जितका मोठा व जवळ, तितकी सावली मऊ, हा नियम आहे. मुंबईच्या स्टुडिओंत हें आषाढाचें आभाळ छत्र्या आणि पांढरीं कापडें लावून तयार करावें लागतें; आपणांस तें चार महिने फुकट मिळतें. त्याची किंमत आपण दुसऱ्या रीतीनें देतों म्हणा, कारण त्याच चार महिन्यांत भिंगांवर बुरशी धरते आणि जुन्या तसबिरी कांचेला चिकटून बसतात. राजाध्यक्षांच्या ज्या तसबिरी मीं पुस्तकांत व मासिकांत पाहिल्या, त्यांतील बहुतेकांवर हा मऊ उजेड आहे. पार्श्वभूमि साधी, बहुधा रिकामीच; रंगविलेला जिना नाहीं, कुंडी नाहीं. चेहरा जवळ आणलेला असतो, आणि तो पाहणाऱ्यावर रागावलेला नसतो.

ह्या शेवटच्या गोष्टीला उजेड पुरत नाहीं. तेथें माणसाचा अंदाज लागतो. ज्यांच्याकडे दिवसरात्र लाखों डोळे लागलेले, त्या नटनटींस कॅमेऱ्याची भीति नसते असें आपणांस वाटतें. माझा तर्क उलटा आहे. त्यांस भीति नसते ती ठराविक चेहरा करण्याची. तो चेहरा त्यांच्या खिशांतच असतो. तो खालीं ठेवावयास त्यांस कोणावर तरी विश्वास असावा लागतो. राजाध्यक्ष ज्यांचीं चित्रें काढीत त्यांच्याविषयीं लिहितहि असत, आणि लिहावयाचें म्हणजे आधीं ऐकावें लागतें. 'चेहरे' हें त्यांचें मराठी पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस हें वेगळें सांगावयास नको. १९९७ सालीं निघालेल्या त्यांच्या 'फेसेस' ह्या मोठ्या इंग्रजी ग्रंथांत दुर्गा खोटे ह्यांच्यापासून ऐश्वर्या राय ह्यांच्यापर्यंत ४५ चित्रपटकलावंत आहेत. दुर्गाबाई १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ची नायिका. मध्यें साठ वर्षांचें अंतर. 'चंदेरी' ह्या मराठी पाक्षिकाचे ते संपादक होते. 'बेखुदी' (१९९२) आणि 'अंजाम' (१९९४) ह्या हिंदी चित्रपटांचें आणि 'सखी' ह्या मराठी चित्रपटाचें लेखनहि त्यांनीं केलें. पहिल्या चित्रपटांतून काजोल ही नटी प्रथम लोकांपुढें आली. चित्रपटकथांविषयीं मी फारसें लिहीत नाहीं. त्यांचें खरें लेखन चेहऱ्यांचें.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जाई. राजाध्यक्ष सगळ्यांनाच सुंदर करतात, असा. त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या तसबिरींतील माणसें थकलेलीं दिसत नाहींत, ओशाळलेलीं दिसत नाहींत, आणि जगांत थकवा व ओशाळेपणा पुष्कळ आहे. मासिकाच्या मुखपृष्ठासाठीं अथवा वस्त्राच्या जाहिरातीसाठीं काढलेल्या चित्रास तें परवडतहि नाहीं. ज्यांस दुसरी वाट पाहावयाची असेल, त्यांनीं प्रबुद्ध दासगुप्ता ह्यांचें काम पाहावें. हे जन्मानें बंगाली, १९५६ सालचे; वडील प्रदोष दासगुप्ता नांवाजलेले शिल्पकार. ह्यांचें शिक्षण इतिहासाचें. पहिलें काम जाहिरातसंस्थेंत मजकूर लिहिण्याचें. आणि छायाचित्रण तेंहि आपले आपण शिकलेलें. फॅशनच्या क्षेत्रांत मोठें नांव झालें, परंतु गोव्यांत घर करून राहिल्यावर तेथील कॅथोलिक समाजाचीं जीं कृष्णधवल चित्रें त्यांनीं काढलीं, तीं 'एज ऑफ फेथ' ह्या पुस्तकांत २००९ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत वय लपविलेलें नाहीं. सावली काळी आहे, आणि ती काळीच ठेविली आहे. कोणती वाट श्रेष्ठ, असें मला विचाराल तर भिंतीवर लावावयास मी दासगुप्तांचें चित्र मागेन; पण माझ्या आजीला विचारलें असतें, तर तिनें आजोबांस राजाध्यक्षांकडेच धाडलें असतें, ह्यांत मला शंका नाहीं. राजाध्यक्ष १३ सप्टेंबर २०११ रोजीं मुंबईस हृदयविकारानें गेले. एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. पुढच्याच वर्षीं १२ ऑगस्टला दासगुप्ता अलिबागेस वारले. दोघेहि गेले ते अवेळींच.

आतां ही हकीकत मीं येथें कां सांगितली, तें. दोन वर्षांपूर्वीं दहावीचा निकाल लागल्यावर एक पालक मला भेटावयास शाळेंत आले. मिरकरवाड्याच्या बंदरांत त्यांची स्वतःची होडी आहे. जूनचा महिना, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झांकलेल्या. एरवीं त्यांस शाळेंत येण्यास सवड नसते. मुलाला गुण चांगले पडले होते, पण त्यानें घरीं जाहीर केलें होतें कीं आपण पुढें शिकणार नाहीं, कॅमेरा घेणार आणि फोटोग्राफर होणार. कॅमेऱ्याची किंमत त्यानें एका कागदावर लिहून दिली होती. तो कागद वडिलांनीं माझ्यापुढें ठेविला आणि म्हणाले, "सर, एवढ्या पैशांत माझीं जाळीं नवीं होतात. आणि फोटो काय, मोबाईलांत सगळेच काढतात. ह्याचा फोटो घ्यायला पैसे कोण देणार?"

मुलगा बाजूला उभा होता; मान खालीं, पण हट्ट सोडलेला नव्हता. वडिलांचा प्रश्न अगदीं रास्त होता. कलेचा महिमा वगैरे सांगून त्यास उत्तर देतां आलें नसतें, आणि द्यावें असें मलाहि वाटलें नाहीं. मीं त्यांस राजाध्यक्षांची गोष्ट सांगितली. वर लिहिली आहे त्याहून पुष्कळ थोडक्यांत. कीर्तीचा भाग ते नुसते ऐकत होते. नोकरी १९८७ पर्यंत सोडली नाहीं, हें ऐकल्यावर मात्र त्यांनीं मान वर केली. "म्हणजे तेरा वर्षें दुसरें काम करून हें केलें?" मीं म्हटलें, "तेरा. आणि त्याआधीं कॉलेजांत शिकून, तेथेंच शिकविण्याइतकें रसायन शिकले." मुलाची मान आणखी खालीं गेली. त्याला वाटलें, सर उलटले.

मग मीं त्याला एक काम दिलें. शाळेचा जुना कॅमेरा कपाटांत होता, तो आठवडाभर नेऊं दिला आणि सांगितलें, "बाबांची एक तसबीर काढून आण. त्यांना 'हंसा' म्हणावयाचें नाहीं, 'इकडे पाहा' म्हणावयाचें नाहीं." आठव्या दिवशीं बापलेक दोघेहि आले. मुलानें पुष्कळ चित्रें काढलीं होतीं. त्यांतील बहुतेक वाईट होतीं, आणि तीं कां वाईट आहेत हें त्याचें त्यालाच सांगतां येत होतें, एवढें मात्र चांगलें होतें. एक चित्र वेगळें होतें. बंदरावर पत्र्याच्या छपराच्या कडेला बसून वडील जाळें सांधीत आहेत. सुई दांतांत धरलेली, दोन्ही हातांत फाटलेलें जाळें ताणलेलें, नजर जाळ्याच्या डोळ्यांवर. बाहेर ढगाळ आभाळ, म्हणजे तोच आषाढाचा पडदा. कपाळाची प्रत्येक आठी दिसत होती आणि एकहि रागाची नव्हती. वडिलांनीं तें चित्र हातांत घेतलें, बराच वेळ पाहिलें, आणि मला म्हणाले, "हा मी नव्हे. ही माझी आई." आणि मुलाकडे वळून, "आजीला असें कधीं पाहिलेंस तूं?" त्याची आजी संगमेश्वराकडच्या गांवीं राहते, वर्षांतून दोनदां भेट.

ठराव झाला तो असा. मुलानें विज्ञान शाखेची दोन वर्षें पुरीं करावीं. कॅमेऱ्यास वडील पैसे देणार नाहींत. ते त्यानें सुटींत मिळवावे. मिळविले तर ते त्याचे, जाळ्यांचे नव्हेत. वडील व्यवहारी माणूस. ही शेवटची अट त्यांनीं दोनदां उच्चारली. त्या उन्हाळ्यानंतर मुलगा गांवांतील एका स्टुडिओवाल्याबरोबर लग्नकार्यांत दिवे धरावयास जाऊं लागला. दिवे धरणें हें फार चांगलें काम आहे. चित्र दुसरा काढतो, आपण नुसता उजेड पाहावयाचा. गेल्या वर्षीं त्यानें एक जुना कॅमेरा विकत घेतला; पावसाळ्यांत तो तांदुळाच्या घट्ट झांकणाच्या डब्यांत, भाजलेल्या तांदुळांच्या पुरचुंडीशेजारीं ठेवतो, आणि त्यावरून आईची व त्याची रोज कुरबुर होते. रसायनांत त्याला बरे गुण आहेत. फार चांगले नाहींत.

दिवाळीच्या सुटींत वडिलांनीं त्याला गांवीं पाठविलें. त्यांच्या आईचा फोटो म्हणून जगांत काय तो आधार कार्डावर आहे, आणि तो पाहिला तर कोणीहि घाबरावें. म्हातारीनें पहिल्या दिवशीं पेटींतलें लुगडें नेसल्याशिवाय बसणार नाहीं म्हणून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं लुगडें नेसून ती अंगणांत खुर्चीवर बसली. हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले, अगदीं आमच्या आजोबांसारखी. मुलानें कॅमेरा परत डब्यांत ठेविला आणि "आज उजेड बरा नाहीं" म्हणाला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नवें भात पाखडावयास ती सूप घेऊन खळ्यांत बसली. कोंडा उडूं लागला, कोंबड्या जमा झाल्या, त्यांस ती हांका मारून शिव्या देऊं लागली. तेव्हां त्यानें डबा उघडला.